युवा कार्यकर्त्यांसाठी डिजिटल कौशल्यं: नाशिकमधून पुन्हा पुन्हा येणारे प्रश्न

सिडको, सातपूर, पंचवटी, नाशिकरोडच्या वस्त्यांमध्ये आणि तिकडे पेठ, सुरगाणा, हरसूल, इगतपुरीकडे तरुण पोरापोरींसोबत काम करणारे ताई-दादा फोनवर, मीटिंग संपल्यावर, चहा पिताना जे विचारत राहतात ते सगळं इथे एकत्र केलंय. सोप्यापासून अवघडाकडे गेलोय. कुठलंही उत्तर सुटं वाचलं तरी चालेल, जिथे दुसरीकडे जास्त सांगितलंय तिथे त्या प्रश्नाचा नंबर दिलाय.

1. मी काही पगारी नाही, गल्लीतल्या मंडळात पोरांसोबत काम करतो. मी युवा कार्यकर्ता धरला जातो का?

हो. एनएसएसचे प्रोग्राम ऑफिसर, अभ्यासिका चालवणारे, कबड्डीचे कोच, ढोलपथक सांभाळणारे, संस्थेतले फिल्डवर्कर, सगळे यात आले. आपल्या देशाच्या 2014 च्या युवा धोरणात 15 ते 29 हा वयोगट धरलाय, म्हणजे त्यातली काही पोरं कायद्याने अजून मूलच आहेत आणि काही संसार करणारी. हा फरक पुढे फार महत्त्वाचा ठरतो (प्रश्न 11 आणि 12). घरी सांगत नाहीत अशा गोष्टी पोरं तुम्हाला सांगत असतील तर तुम्ही युवा कार्यकर्तेच आहात, पद असो नसो.

2. एमएस-सीआयटी केलंय, एक्सेल येतं, व्हॉट्सॲप येतं. अजून काय शिकायचं राहिलं?

ते येतं हे चांगलंच आहे, पण ते तुमच्या स्वतःच्या वापरापुरतं झालं. युवा कार्यकर्त्याला लागतं ते वेगळं: पोरं ऑनलाइन जिथे राहतात तिथे काय चाललंय हे कळणं, त्यावर त्यांच्याशी न बिचकता बोलता येणं, आणि त्यांना स्वतःचं स्वतः करता येईल एवढं तयार करणं. युरोपात याला डिजिटल युवाकार्य म्हणतात, युरोपियन युनियनच्या परिषदेने 2019 मध्ये त्यावर आपली भूमिकाही मांडली, आणि तिथल्या लोकांचं एक म्हणणं मला पूर्ण पटतं, की ही काही वेगळी पद्धत नाही, जे काम तुम्ही आधीच करताय त्यातच मोबाइल-इंटरनेट हे कधी साधन असतं, कधी जागा असते तर कधी चर्चेचा विषय असतो. आपल्याकडे बहुतेक ट्रेनिंग साधनावरच थांबतं. पोस्टर बनवायचं कॅनव्हा ॲप शिकवलं, रील बनवली, सर्टिफिकेट वाटलं, झालं. पण ऑनलाइन गेममध्ये पैसे घालवलेला पोरगा समोर येऊन बसला की कॅनव्हाचा काय उपयोग?

3. मग नेमकी सुरुवात कुठून करू? यादी बघूनच घाबरायला होतं.

आधी स्वतःला तपासा. युरोपियन आयोगाने 2013 मध्ये डिजकॉम्प नावाचा एक आराखडा काढला, त्यात पाच भाग आहेत: माहिती शोधणं आणि पारखणं, संवाद आणि मिळून काम, स्वतः काही तयार करणं, सुरक्षितता, आणि अडचण सोडवणं. तो नागरिकांसाठी आहे, खास युवा कार्यकर्त्यांसाठी नाही, तरी एक कागद घेऊन पाचही भागांसमोर दोन गोष्टी लिहा, मला काय जमतं आणि मी पोरांना काय शिकवू शकतो. दुसरा रकाना बहुतेकांचा रिकामा राहतो, विशेषतः सुरक्षिततेसमोर. तिथूनच सुरू करा. सगळं एकदम नको, एका महिन्याला एकच भाग, आणि शिकलेलं त्याच आठवड्यात गटात वापरायचं, नाहीतर विसरायला होतं.

4. माझं वय झालंय आणि इंग्रजी कच्चं आहे. पोरं माझ्या पुढे आहेत, त्यांना मी काय शिकवणार?

पोरांचा बोटांचा वेग तुमच्यापेक्षा जास्त आहे, मान्य. पण रील भराभर एडिट करणाऱ्या पोराला ईमेलला फाइल जोडता येत नाही, पासवर्ड सगळीकडे एकच असतो, आणि नोकरीची जाहिरात खरी की खोटी हे त्याला ओळखता येत नाही, हे तुम्हीही बघितलं असेल. तिथे तुमचं वय आणि व्यवहारज्ञान कामाला येतं. ॲप त्यांच्याकडून शिका, उघडपणे, "हे मला दाखव रे" म्हणून. त्यात तुमचा मान कमी होत नाही, उलट गटातला जो पोरगा कधी बोलत नाही तो बऱ्याचदा इथेच पहिल्यांदा बोलतो. इंग्रजीची अडचण प्रश्न 5 मध्ये.

5. मराठीत आणि फुकट कुठे शिकायला मिळतं?

केंद्र सरकारच्या स्वयम पोर्टलवर कोर्स मोफत आहेत, परीक्षा आणि सर्टिफिकेट हवं असेल तर फी लागते, भाषा मात्र जास्त करून इंग्रजी. आपल्या नाशिकातच यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, 1989 पासून, आणि मराठीतून दूरशिक्षण हेच त्यांचं काम, त्यामुळे पदविका करायची असेल तर तिथे आधी चौकशी करा. मेरा युवा भारत हे पोर्टल ऑक्टोबर 2023 मध्ये सुरू झालं, ते 15 ते 29 वयाच्या तरुणांसाठी आहे, तुमच्या गटातल्या पोरांची नोंदणी तिथे करून घेता येईल. युरोपात युवा कार्यकर्त्यांना ट्रेनिंग देणाऱ्या साल्टो-यूथच्या टूलबॉक्समध्ये गटात घ्यायचे खेळ आणि सत्रं फुकट बघता येतात, इंग्रजीत आहेत पण भाषांतर ॲपला लावून कामापुरतं कळतं. फक्त तिथली उदाहरणं जशीच्या तशी उचलू नका. तिथे प्रत्येक मुलाचा स्वतःचा फोन गृहीत धरलेला असतो.

6. मराठी टाइप करायला फार वेळ लागतो, आणि फ्लेक्सवाल्याला पाठवलं की सगळं बिघडतं. असं का?

फोनवर जीबोर्ड (गुगलचा कीबोर्ड) घ्या, त्यात मराठी बोलून टाइप होतं, बोटाने लिहूनही होतं. विंडोज 10 च्या 2019 नंतरच्या आवृत्त्यांमध्ये मराठी फोनेटिक कीबोर्ड आतच आहे, वेगळं काही टाकावं लागत नाही.

फ्लेक्सचं कारण असं, की तुमचा मजकूर युनिकोडमध्ये असतो आणि बऱ्याच डीटीपीवाल्यांकडे अजून श्रीलिपी किंवा कृतिदेवसारखे जुने फॉन्ट असतात. त्यात अक्षराच्या जागी खरं तर इंग्रजी कीचा कोड साठवलेला असतो, म्हणून त्यांच्याकडून आलेला मजकूर तुमच्या फोनवर उघडला की नुसती इंग्रजी अक्षरं आणि चिन्हं दिसतात, आणि तुमचा तिकडे नेला की वेलांट्या आणि रफार उडतात. त्यांच्याकडे कन्व्हर्टर असतो, पण प्रूफ मागितल्याशिवाय छपाईला हो म्हणू नका, प्रूफमध्ये र्‍हस्व वेलांटी, रफार आणि जोडाक्षरं आधी बघा. संस्थेचं सगळं लिखाण मात्र युनिकोडमध्येच ठेवा. जुन्या फॉन्टमधला अहवाल पुढे शोधताही येत नाही आणि फोनवर वाचताही येत नाही.

7. व्हॉट्सॲप ग्रुप केला तर मुलींचे नंबर सगळ्या मुलांना दिसतात. मुली ग्रुप सोडून जातात. काय करू?

मुलींचं बरोबरच आहे. ग्रुपमध्ये नंबर सगळ्यांना दिसतोच, ते लपवता येत नाही. त्याऐवजी कम्युनिटी करा, तिच्या घोषणांच्या ग्रुपमध्ये फक्त ॲडमिन लिहितो आणि सदस्यांचे नंबर एकमेकांना दिसत नाहीत, ॲडमिनला दिसतात. चर्चेसाठी छोटे ग्रुप हवेतच तर मुलींना आधी विचारून, आणि ॲडमिन दोन ठेवा, त्यातली एक ताई असू द्या. ग्रुपचा नियम पहिल्या दिवशीच पोरांकडून लिहून घ्या: इथून नंबर घेऊन कोणाला वैयक्तिक मेसेज करायचा नाही. त्यांनी स्वतः लिहिलेला नियम तुमच्यापेक्षा तेच जास्त कडक पाळतात.

आणि व्हॉट्सॲपचं किमान वय 13 आहे, त्याखालच्या भावंडांना ग्रुपात घेऊ नका.

8. पोरं इन्स्टावर रिक्वेस्ट पाठवतात. घ्यायची का? रात्री अकराला मेसेज आला तर?

तुमच्या घरच्या अकाउंटवर घेऊ नका. कामाचं वेगळं अकाउंट काढा, नावात संस्था किंवा मंडळ असू द्या, आणि ते आहे हे तुमच्या वरिष्ठांना माहीत असू द्या. पोरांचे अकाउंट तुम्ही होऊन फॉलो करायला जाऊ नका, त्यांना पाळत ठेवल्यासारखं वाटतं.

रात्रीच्या मेसेजचं आधीच सांगून ठेवा की मी आठनंतर उत्तर देत नाही, तातडीचं असेल तर फोन करा. जीव नकोसा झालाय असं काही कोणी लिहिलं तर मात्र वेळ बघायची नाही, लगेच फोन करायचा, जवळचं कोण आहे ते विचारायचं, आणि टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा 14416 हा मोफत नंबर द्यायचा, तिथे मराठीत बोलता येतं. एकट्याने रात्रभर चॅटवर धीर देत बसू नका, दुसऱ्या मोठ्या माणसाला सोबत घ्या. चॅट डिलीट होणारी ठेवू नका. तुमच्या आणि मुलाच्या दोघांच्याही भल्यासाठी बोलणं नोंदीत राहिलेलं बरं.

9. सुरगाणा, पेठकडे पाड्यावर नेटवर्कच नाही. तिथे डिजिटल काय करणार?

भरपूर करता येतं, फक्त ऑनलाइन धरून बसायचं नाही. सर्व्हे असेल तर कोबोटूलबॉक्सचं ॲप ऑफलाइन चालतं, पाड्यावर भरायचं आणि तालुक्याला आल्यावर अपलोड करायचं. व्हिडिओ मेमरी कार्डावर न्या. खोटी बातमी ओळखण्याचं सत्र तर छापलेल्या स्क्रीनशॉटवरच जास्त चांगलं होतं, कारण चारजण एका कागदावर डोकं लावून बसतात.

दुसरी गोष्ट हंगामाची. तिकडची कुटुंबं द्राक्षाच्या कामाला दिंडोरी, निफाडकडे उतरतात, पोरंही सोबत येतात. तेव्हा नेटवर्क असतं पण वेळ नसतो, आणि गावी परतले की वेळ असतो पण नेटवर्क नाही. कार्यक्रमाचं कॅलेंडर या हिशोबाने लावा. भाषेचंही बघा, घरात कोकणा बोलणाऱ्या मुलीला मराठी स्क्रीनसुद्धा परकी असते, तिथे लिहिण्यापेक्षा आवाजाची रेकॉर्डिंग उपयोगी पडते.

फोन घरात एकच असतो आणि तो भावाकडे असतो, हे शहरातल्या वस्तीतही आहे. मुलींसाठी केंद्रावर दोन फोन आणि ठरलेली वेळ ठेवा, आणि आईला एकदा बोलवून बसवा. आईने स्वतः गॅसचं बुकिंग करून बघितलं की मुलीच्या हातातल्या फोनची भीती बरीच कमी होते.

10. स्कॉलरशिपचे फॉर्म आम्हीच भरून देतो, पासवर्डही आमच्या वहीत असतात. यात चूक काय?

हेतू चांगला आहे, पण असं करू नका. महाडीबीटी या स्कॉलरशिपच्या सरकारी पोर्टलचा पासवर्ड तुमच्या वहीत म्हणजे पोरगं पुढच्या वर्षीही तुमच्याच दारात, आणि वही हरवली तर जबाबदारी तुमची. फोन पोराच्या हातात, तुम्ही शेजारी बसा. पहिल्या फॉर्मला तुम्हाला तिप्पट वेळ लागेल. मग ज्याचा भरून झाला त्याला पुढच्याच्या शेजारी बसवा.

एक गोष्ट मात्र तुम्हाला नीट माहीत पाहिजे. डीबीटीचे, म्हणजे सरकारकडून थेट खात्यात येणारे पैसे फॉर्मवर लिहिलेल्या खात्यात जातातच असं नाही, आधारला शेवटचं जे खातं डीबीटीसाठी जोडलंय तिथे जातात. सिमकार्ड घेताना नाहीतर कुठल्या कॅम्पमध्ये उघडलेलं, विसरून गेलेलं खातं असेल तर पैसे तिकडे पडतात आणि मुलगी सहा महिने "आलेच नाहीत" म्हणत कॉलेजच्या खिडकीवर चकरा मारते. मायआधार पोर्टलवर बँक सीडिंग स्टेटस बघितलं की कुठली बँक जोडलीय ते लगेच दिसतं, ओटीपी आधारला जोडलेल्या मोबाइलवर येतो. फॉर्म भरायच्या आधी हे बघायला शिकवा. ओटीपी तुम्हालासुद्धा सांगायचा नाही, हेही त्याच वेळी शिकवा.

11. मुलीचा फोटो एडिट करून फिरवलाय. पुरावा म्हणून तिच्या मैत्रिणीने मला पाठवला. पुढे काय?

सगळ्यात आधी: तो फोटो कोणाला पुढे पाठवू नका, संस्थेच्या ग्रुपवर तर नाहीच, वरिष्ठांनाही नाही. मुलगी 18 च्या आतली असेल तर असा अश्लील फोटो जवळ ठेवणं, पाठवणं हाच पॉक्सो (मुलांवरच्या लैंगिक गुन्ह्यांचा कायदा) आणि आयटी कायद्याखाली गुन्हा होऊ शकतो, हेतू मदतीचा असला तरी. ज्या अकाउंटवरून आलाय त्याचं नाव, लिंक, तारीख-वेळ लिहून ठेवा, आणि तुमच्या फोनवर आलेल्या फोटोचं काय करायचं ते पोलिसांनाच विचारा, त्याच दिवशी.

तक्रार सायबर गुन्ह्यांच्या राष्ट्रीय पोर्टलवर करता येते, महिला आणि मुलांच्या बाबतीत नाव न देताही. नाशिक शहर आणि ग्रामीण, दोन्हीकडे सायबर पोलीस ठाणं आहे, पण जवळच्या कुठल्याही ठाण्यातही जाता येतं, हद्दीचं कारण सांगून परत पाठवता येत नाही, झिरो एफआयआर घ्यावा लागतो. मुलांसाठी 1098 ही हेल्पलाइन आहेच.

फोटो खाली काढायला टेक इट डाउन ही मोफत सेवा आहे, 18 च्या आतल्या वयातल्या फोटोंसाठी. मोठ्यांसाठी स्टॉप एनसीआयआय. दोन्हींत फोटो अपलोड होत नाही, फोनवरच त्याचा एक सांकेतिक ठसा तयार होतो आणि तोच जोडलेल्या सोशल मीडिया कंपन्यांकडे जातो. हे मुलीला आधी सांगा, कारण "परत फोटो कुठेतरी द्यायचा" या भीतीनेच त्या नको म्हणतात.

आणि तिला पहिल्यांदा काय म्हणायचं ते ठरवून ठेवा. "तू फोटो टाकलाच कशाला" हे वाक्य तोंडातून जाऊ द्यायचं नाही. त्यानंतर ती कोणालाच काही सांगणार नाही.

12. पण तिने शपथ घातलीय की कोणाला सांगू नका. मग?

18 च्या आतली असेल आणि लैंगिक गुन्हा असेल तर गप्प राहायचा पर्याय कायद्याने तुम्हाला ठेवलेला नाही. 2012 च्या पॉक्सो कायद्याच्या कलम 19 प्रमाणे ज्याला कळलं त्याने पोलिसांना कळवायचंच, न कळवणं हा गुन्हा आहे. चांगल्या हेतूने कळवणाऱ्याला त्याच कायद्यात संरक्षणही आहे. म्हणून "मी कोणालाच सांगणार नाही" असं वचन कधीच देऊ नका. गटाच्या पहिल्याच बैठकीत सांगा, तुमचं बोलणं माझ्याकडे राहील, पण कोणाला इजा होत असेल तर मला मदत बोलवावी लागेल, आणि बोलवायच्या आधी मी तुम्हाला सांगेन. मुलगी 18 पूर्ण असेल तर तक्रार करायची की नाही हा तिचा निर्णय, तुम्ही सोबत उभं राहायचं.

तिचं नाव, शाळा, वस्ती कुठेही येऊ देऊ नका, अहवालातही नाही.

13. पोराने कमिशनसाठी बँक खातं दुसऱ्याला वापरायला दिलं. आता खातं गोठवलंय. तो गुन्हेगार झाला का?

हे हल्ली फार येतंय. फसवणुकीचे पैसे फिरवायला टोळ्यांना दुसऱ्यांची खाती लागतात आणि कॉलेजची, कंत्राटी कामावरची पोरं थोड्या पैशांसाठी एटीएम कार्ड आणि सिम देऊन बसतात. पोलिसांच्या दृष्टीने पैसे आलेलं खातं त्याचं आहे, त्यामुळे चौकशी होणारच, आरोपीही होऊ शकतो. त्याला पळून जायला किंवा चॅट डिलीट करायला देऊ नका. कोणी मागितलं, कुठल्या अकाउंटवरून, किती पैसे दिले, सगळं तसंच ठेवून वकिलासोबत स्वतःहून पोलिसांकडे जाणं शहाणपणाचं. पैसे नसतील तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे मोफत वकिलासाठी अर्ज करता येतो.

उलटी बाजू, म्हणजे पोरगा स्वतः फसला असेल, टेलिग्रामवर व्हिडिओ लाइक करायचं काम देतो म्हणून पैसे भरून घेतले, तर लगेच 1930 ही सायबर फसवणुकीची हेल्पलाइन लावा. पैसे पुढच्या खात्यांत पसरायच्या आत गोठवायचे असतात, म्हणून घरच्यांना कसं सांगू या विचारात दिवस घालवायचा नाही. आधी 1930, मग घर.

14. कार्यक्रमाचे फोटो, हजेरी, आधारच्या झेरॉक्स, सगळं ड्राइव्हवर आहे. चालेल ना?

आधारची प्रत मुळात कशाला हवी ते आधी विचारा. लागतच असेल तर मास्क्ड आधार घ्या, त्यात शेवटचे चारच आकडे दिसतात. 2023 च्या डेटा संरक्षण कायद्यात 18 च्या आतल्या सगळ्यांना मूल धरलंय आणि त्यांच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. नियम नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि ते टप्प्याटप्प्याने लागू होतायत, पण सवय आत्ताच लावा. फोटोची परवानगी माहितीपेक्षा वेगळी घ्या, आणि नंतर कोणी "माझा काढा" म्हटलं तर कारण न विचारता काढा. ड्राइव्हची लिंक "ज्याच्याकडे लिंक आहे तो" अशी उघडी आहे का, एवढं आजच बघा.

15. चॅटजीपीटीने अहवाल लिहिला तर चालतो का?

भाषा नीट करायला, सत्राच्या कल्पना काढायला खुशाल वापरा. मुलांची नावं, आजार, घरची भांडणं त्यात टाकू नका. कायदे, योजना, तारखा त्याने सांगितल्या तर मूळ सरकारी पोर्टलवर जाऊन बघा, ते न झालेली गोष्टही ठामपणे लिहून देतं. पोरांसोबत हाच खेळ घ्या: आपल्या गल्लीबद्दल, गोदाघाटाबद्दल त्याला विचारायचं आणि चुका शोधायच्या. पोरांना स्वतःचा परिसर माहीत असतो, त्यामुळे चुका लगेच सापडतात.

16. सिंहस्थात पोरं स्वयंसेवक होणार आहेत. अफवांचं काय?

2027 च्या सिंहस्थाआधी ही तयारी करायलाच हवी, गर्दीत एक खोटा मेसेज चेंगराचेंगरी करू शकतो. पोरांना एकच क्रम पाठ करवा: पाठवणाऱ्याला विचार तू स्वतः बघितलंस का, जुना फोटो आहे का ते गुगल लेन्सने तपास, प्रशासनाच्या अधिकृत अकाउंटवर आहे का बघ. तिन्ही होईपर्यंत फॉरवर्ड नाही. हरवलेल्या लहान मुलाचा फोटो ग्रुपवर टाकण्याआधी पोलीस मदत केंद्रात नेणं, हेही यातच शिकवा.

17. मी संस्था सोडतोय. ग्रुप, पेज, पोरांचे नंबर यांचं काय करू?

पोरांना स्वतः सांगून जा, अचानक ग्रुपमधून गायब होऊ नका. मग नव्या माणसाला ॲडमिन करा, आठवडाभर दोघं राहा, आणि मग बाहेर पडा. पेज तुमच्या वैयक्तिक ईमेलवर काढलं असेल तर रिकव्हरीचा मोबाइल नंबर आणि ईमेल दोन्ही बदला, टू-स्टेपचा कोड कोणाच्या फोनवर येतो तेही बघा, नुसता पासवर्ड देऊन भागत नाही. तुमच्या फोनमधले मुलांचे फोटो आणि फॉर्म संस्थेकडे देऊन स्वतःकडचे काढून टाका, गुगल फोटोजच्या बॅकअपमधले आणि ट्रॅशमधलेसुद्धा. पॉक्सोची किंवा पोलिसांची एखादी केस चालू असेल तर त्यातलं काहीही डिलीट करायच्या आधी तपास अधिकाऱ्याला विचारा.